टेप संपली तिथून पुढे

आई, त्या गाण्यात दोन गिटारी आहेत. एक नाही, दोन. गेल्या रविवारी मला कळलं आणि तेव्हापासून हे कुणाला सांगू असं झालं आहे. लेकीने पाठवलेले नवे हेडफोन कानाला लावून मी जळगावच्या घरात खाटेवर पाय वर घेऊन बसले होते. शेवटच्या गाण्याच्या मध्यावर, जिथे भाकरी थापता थापता तुझा हात थांबायचा, तिथे डाव्या कानात एक गिटार चालली होती आणि उजव्या कानात दुसरी, पहिलीच्या जरा मागून, तिचंच बोलणं हळू आवाजात पुन्हा म्हणत. आपण ते इतक्या वेळा ऐकलं आणि आपल्याला ती एकच वाटली. आपल्या टेपला एकच स्पीकर, त्यात दोघी एकमेकींत मिसळून यायच्या. मी गाणं मागे नेलं, पुन्हा ऐकलं, पुन्हा मागे नेलं. नवऱ्याला हाक मारून त्याच्या कानाला लावलं. तो छान आहे म्हणाला आणि पेपर वाचायला गेला. लेकीला फोन केला तर ती म्हणाली की हे तर सगळ्यांना माहीत असतं. असेल सगळ्यांना. तुला नव्हतं, मला नव्हतं. म्हणून तुला लिहायला बसले.

कॉलेजातून निवृत्त झाल्यापासून मी दर रविवारी दुपारी आपला एकेक जुना अल्बम काढते. तू घालून दिलेली रीत अजून पाळते: पहिल्या गाण्यापासून सुरुवात, आवडतं तेवढंच निवडून ऐकायचं नाही. आता रेकॉर्ड लागत नाही, कॅसेट लागत नाही, फोनवर नाव टाकलं की जगातलं सगळं समोर येतं. तू असतीस तर झोपली नसतीस. मला तर हात लावू तिथे नवं सापडतं आहे. एका गाण्यात वाजवणाऱ्यांपैकी कुणीतरी खाकरतो. एकात शेवटचा सूर विरता विरता खुर्ची करकरते. हे सगळं तेव्हाही तिथेच होतं.

आणि सुरुवात किती साधी होती. मी अकरावीत होते, आपण धुळ्याला देवपुरात राहत होतो. बाबा साक्रीला शाळेत शिक्षक, ते शनिवारी यायचे. आठवडाभर घरात तू आणि मी. तू टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर. सकाळची पाळी करून यायचीस ती कपाळावर हेडसेटच्या पट्टीचा वळ घेऊन. दिवाळीत दादा, तुझ्या भावाचा मुलगा, पुण्याहून आला होता आणि जाताना एक कॅसेट विसरून गेला. तिच्यावर पेन्सिलने नुसतं 'इंग्लिश' लिहिलेलं. मी ती सहज लावली, आणि पहिल्या गाण्यालाच हातातलं पुस्तक मिटून टेपजवळ सरकले. असं संगीत असतं हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. आठवडाभर मी तू घरी नसताना तेच ऐकत होते. मग एका दुपारी तू लवकर आलीस. स्वयंपाकघरात जाऊन कळण्याच्या, ज्वारी-उडदाच्या पिठाचा डबा काढलास आणि आतूनच म्हणालीस, "बंद कर ते. सकाळपासून लोक माझ्या कानात ओरडत आहेत, घरी तरी दम घेऊ दे." मी बंद केलं नाही, आवाज कमी केला. भाकरी थापायचा आवाज येत राहिला. शेवटचं गाणं लागलं, गिटार चढत चढत वर गेली, आणि आता पुढे काय होणार असं वाटत असतानाच खट्‌कन टेप संपली. ज्याने भरली त्याने मापाची टेप घेतली नव्हती. मला आठवड्यात त्याची सवय झाली होती. तू मात्र पिठाने भरलेले हात तसेच घेऊन दारात आलीस.

"पुढलं कोठे शे?" तू विचारलंस. अहिराणी तुझ्या तोंडी घरात फार क्वचित यायची, एकदम काही आतून आलं तरच.

पुढचं नाही, टेप इथेच संपते, असं मी सांगितलं. तुला ते पटेना. तू नोकरीत आयुष्य घालवलं होतंस ते लोकांची तुटलेली बोलणी जोडून देण्यात. अर्ध्यावर तुटलेलं काहीही तुला बघवत नसे. तू हात धुतलेस, मला ते गाणं पुन्हा लावायला सांगितलंस आणि टेपसमोर खाली बसून ऐकलंस. पुन्हा खट्‌. तव्यावरची भाकरी करपली. तू तिसऱ्यांदा लावायला सांगितलंस.

दादाला पत्र टाकलं. त्याचं उत्तर आलं की कॅसेट होस्टेलमधल्या एका मित्राची, तो कॉलेज सोडून गेला, कुणाचं गाणं ते त्यालाही ठाऊक नाही. बाबा शनिवारी आले, त्यांना आपण ऐकवलं. ते म्हणाले की निम्मं ऐकलंत तेवढं पुरे नाही का. धुळ्यातल्या कॅसेटच्या दुकानात मी जाऊन गुणगुणले, तर त्या माणसाने मला आरतीची कॅसेट दाखवली. मी नाद सोडला होता. तू सोडला नव्हतास. तुझी एक मैत्रीण होती जळगावच्या एक्स्चेंजमध्ये. मैत्रीण म्हणजे आवाज. वर्षानुवर्षं दोघी ट्रंक लाइनच्या दोन टोकांना बसून एकमेकींना 'धुळे' आणि 'जळगाव' म्हणायच्या, घरातली आजारपणं आणि लोणच्याची मापं सांगायच्या, आणि तुम्ही एकमेकींचं तोंड कधी पाहिलं नव्हतं. एकदा लाइन मोकळी असताना तू तिला ती चाल गुणगुणून दाखवलीस. माझी आई, जी देवघरातसुद्धा मनातल्या मनात म्हणायची, तिने ट्रंक लाइनवर रॉकची गिटार तोंडाने वाजवून दाखवली. हे आठवलं की मला आजही उठून घरभर फिरावंसं वाटतं.

जळगाव म्हणाली की हे मी ऐकलं आहे. दाणा बाजाराजवळच्या एका डाळीच्या व्यापाऱ्याच्या घरून कोलकात्याला कॉल लागतात. त्यांची सून तिकडची. कॉलची वाट बघत ती फोन धरून बसते तेव्हा मागे असलंच काहीतरी वाजत असतं. पुढच्या कॉलला जळगावने तिला विचारलं, तू गुणगुणलेलं तिने जसंच्या तसं पुढे गुणगुणून दाखवलं, आणि ती सून पलीकडे हसायलाच लागली. रेकॉर्ड तिच्याजवळ होती. तिच्या भावाने घेतलेली, लग्नाच्या पेटीतून जळगावातल्या या राजस्थानी सासरी आलेली.

त्या दिवशी तू घरी आलीस ती चपला न काढताच आत. तू ऑपरेटर होतीस, मनात आणलं असतंस तर खुर्चीवर बसल्या बसल्या ऐकलं असतंस. पण लाइन सरकारची आहे, गाणं आपलं आहे, असं म्हणून पाळी संपल्यावर तू मला घेऊन तार ऑफिसात गेलीस आणि चारचौघांसारखा कॉल बुक केलास. काचेच्या बूथमध्ये आपण दोघी, मध्ये एक रिसीव्हर, तुझा गाल माझ्या गालाला लागलेला. पलीकडून सुईची खरखर आली आणि मग आपलं गाणं, बारीक, दुरून, पण तेच. गिटार चढायला लागली. आपली टेप जिथे संपायची ती जागा आली आणि गेली. आई, ती गेली, आणि गाणं चालूच राहिलं! गिटार अगदी टोकाला गेली आणि थांबली. सगळंच थांबलं. तू सवयीने "हॅलो" म्हणालीस. तेवढ्यात कुठलंही वाद्य नसताना नुसता माणसाचा आवाज आला, उघडा, एकटा. त्याच्यामागून हळूहळू एकेक जण परत येत गेला. तीन मिनिटं झाली, वाढवू का, असं तुझीच धुळ्याची सहकारीण मध्ये विचारत होती आणि तू "वाढवा, वाढवा" म्हणत होतीस. बाहेर फैजपूरचा एक केळीचा व्यापारी त्याच्या कॉलसाठी काचेवर नाणं वाजवत होता. तू दार उघडून रिसीव्हर त्याच्या कानाला लावलास. त्याने ऐकलं आणि गंभीरपणे सांगितलं की बाई, लाइन खराब शे, तक्रार करा. तू करते म्हणालीस.

शेवटी ती सून फोनवर आली. तिचं मराठी तेव्हा कच्चं होतं. ती म्हणाली, "आंटीजी, इसमें नीचे जो बजता है वो फोन पर आता ही नहीं. आप यहाँ आ जाओ."

वरचं बारीक ऐकू येतं, खालचं खर्जातलं येत नाही: हे तुला माहीतच होतं, तुझा तो धंदाच होता. मला मात्र त्या दिवशी कळलं की आवाजाला वरचं आणि खालचं असतं आणि तार त्यातलं थोडंच पुढे नेते. पुढे मी पदार्थविज्ञान घेतलं, आयुष्यभर तेच शिकवलं, त्याचं मूळ त्या बूथमध्ये आहे.

रविवारी सकाळची एसटी. तू लग्नाला जायची जांभळी साडी नेसली होतीस. पारोळा गेलं, एरंडोल गेलं, तू खिडकीतून बाहेर बघत होतीस आणि बोटं गुडघ्यावर चालत होती. जळगावच्या स्टँडवर उतरल्यावर प्रश्न पडला की मैत्रिणीला ओळखायचं कसं. त्या गर्दीत तू सरळ उभी राहिलीस आणि आपल्या ड्युटीच्या आवाजात म्हणालीस, "जळगाव, धुळे बोलतंय." रसवंतीजवळ उभी असलेली एक उंच, दणकट बाई गर्रकन वळली. तिचा आवाज इतका नाजूक की आपण दोघींनी मनात एक चिमुरडी बाई रंगवली होती. तिनेही तुला बहुधा वेगळंच रंगवलं असणार. तुम्ही दोघी एकमेकींकडे नुसत्या बघत राहिलात, मग तिने तुझी पिशवी हातातून घेतली आणि चालायला लागली. वाटेत तुम्ही बोलताना एकमेकींकडे बघत नव्हतात. बघितलं की बोलणं अडायचं. तेव्हापासून त्या माझ्या मावशी.

त्या व्यापाऱ्याच्या घरी दारातच शेठाणी, म्हणजे त्या सुनेच्या सासूबाई, मुगाची डाळ निवडत बसल्या होत्या. डोक्यावरून पदर, चष्मा नाकावर. धुळ्याहून कशाला आलात, त्यांनी विचारलं. मावशी काहीतरी सबब सांगणार होत्या, पण तू आधीच बोललीस.

"गाणं ऐकायला."

"भजन?"

"नाही. इंग्रजी आहे. आणि जरा मोठ्याने लावावं लागेल."

मला वाटलं संपलं आता. मागे जिन्याच्या तोंडाशी ती सून उभी होती, तिचा चेहरा उतरला. मी त्यांना पुढे भाभी म्हणायला लागले. त्या लग्न होऊन आल्यापासून त्या रेकॉर्डी झाकण लावून, वर चादर टाकून, अगदी दबक्या आवाजात ऐकायच्या. कुणी मना केलं नव्हतं, पण कुणी विचारलंही नव्हतं. शेठाणींनी डाळीतला एक खडा काढून बाजूला टाकला, तुझ्याकडे नीट बघितलं आणि म्हणाल्या, एवढ्या लांबून आली आहे तर लावा, पण माल यायच्या आत आवरा.

वरच्या खोलीत लाकडी खोक्यातला प्लेअर, दोन्ही बाजूंना दोन उंच स्पीकर. कव्हरवर निळ्या पाण्यात उभी केलेली एक शिडी, वर काहीच नाही. भाभींनी रेकॉर्ड ओढणीच्या टोकाने पुसली आणि तुला विचारलं, आवाज किती ठेवू. तू म्हणालीस, "माले बठ्ठं ऐकनं शे." सगळं ऐकायचंय, हे भाभींना शब्दांनी कळलं नसेल, पण त्यांनी बटण फिरवलं ते फिरवतच नेलं.

आई, मी त्यानंतर पुण्या-मुंबईचे मोठे कार्यक्रम ऐकले, चांगली यंत्रं ऐकली. तसं पुन्हा ऐकलं नाही. पहिल्या सुरालाच खिडकीची तावदानं बोलायला लागली. ताटातले ताकाचे पेले थरथरायला लागले. त्या गाण्यांच्या तळाशी कुणीतरी इतका वेळ चालत होतं आणि आपल्याला त्याचा पत्ताच नव्हता! मोठ्या जनावरासारखी ती चाल, घाई नाही, आणि वरचं सगळं तिच्या पाठीवर. तू खाली सतरंजीवर बसली होतीस, ती उठलीस आणि स्पीकरजवळ जाऊन उभी राहिलीस. डावी बाजू त्याच्याकडे करून. मग तळवा लाकडावर ठेवलास. मावशी तोंडाला पदर लावून हसत होत्या, भाभी तर हवेत ढोल वाजवत होत्या, हातातल्या सगळ्या बांगड्यांसकट. शेवटच्या गाण्याला शेठाणी कधी दारात येऊन उभ्या राहिल्या ते कळलंच नाही. त्या उघड्या आवाजाची जागा आली तेव्हा त्या सुनेला म्हणाल्या, "ये आदमी रोता क्यों है?" भाभी म्हणाल्या, घर से दूर है, माँजी. शेठाणी तिथेच उंबऱ्यावर टेकल्या आणि संपेपर्यंत उठल्या नाहीत. उतरताना त्यांनी तुझ्या पिशवीत पापडांची चवड घातली आणि पुन्हा कधी येणार ते विचारलं.

परतीच्या एसटीत मी बडबड करत होते. हे ऐकलंस का, ते ऐकलंस का. तू ऐकत होतीस, पण मी दुसऱ्या बाजूला बसल्यावर तुला नीट ऐकू येत नव्हतं, तू मला जागा बदलायला लावलीस. एरंडोलच्या पुढे, बाहेर कापूस आणि ऊन, तेव्हा तू सांगितलंस. उजवा कान जात होता. डाव्याचंही सुरू झालं होतं. डॉक्टर म्हणाले होते की आधी वरचे बारीक सूर जातात, मग हळूहळू खाली. ऑफिसात तू अजून सांगितलं नव्हतंस, बाबांनाही नाही. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. तू मला रागावली नाहीस, पण समजूतही काढली नाहीस. "रडायला वेळ नाही," तू म्हणालीस. "त्या पोरीकडे पेटीभर आहेत. भराभर ऐकायला हवं."

आणि आपण ऐकलं. ती पुढची वर्षं माझ्या आयुष्यातली सगळ्यात भरगच्च वर्षं आहेत. भाभींची एकेक रेकॉर्ड मावशी टेपवर भरून घ्यायच्या आणि धुळ्याला पाठवायच्या. या वेळी मापाची टेप, एकही गाणं कापलेलं नाही. मग लोक स्वतःच नंबर फिरवायला लागले, ट्रंक लाइन ओस पडली, तुला तक्रारींच्या टेबलावर बसवलं. तू म्हणालीस, बरं झालं, आता कान गाण्यासाठी उरतील. मी शिकले, जळगावला नोकरीला लागले. तू महिन्यातून एकदा एसटीने यायचीस आणि आपण चौघी भाभींच्या खोलीत बसायचो. नव्वदच्या दशकात चांगल्या कॅसेट दुकानात मिळायला लागल्या तेव्हा तू दुकानदाराला कव्हर उलटं करून विचारायचीस, यात खाली वाजवणारा कोण आहे. तोवर तुझे वरचे सूर गेले होते. झांजा गेल्या, बासरी गेली, माझा फोनवरचा आवाज गेला. खालचं मात्र तुला शेवटपर्यंत येत होतं. तळवा स्पीकरवर ठेवून तू मान हलवायचीस आणि कधीकधी मला सांगायचीस की इथे तो एक पाऊल चुकलाय, ऐक. मी मागे नेऊन ऐकायचे. चुकलेला असायचा. मला फार मजा वाटायची.

तुला जाऊन आता किती काळ झाला. मावशीही गेल्या. भाभी आहेत, नातवंडांत आहेत. दोन गिटारींचं सांगायला मी त्यांच्याकडे गेले तर त्यांनी हेडफोन लावले आणि आळीपाळीने एकेक कान उघडा करून पाहिला. मग म्हणाल्या की हे माझ्याकडे दोन स्पीकरवर होतं ना गं, मग आपल्याला तेव्हा का नाही कळलं? मी म्हटलं, आपण सगळ्या एकाच स्पीकरपाशी गोळा झालो होतो, आईच्या भोवती. त्या हसल्या. मग आम्ही ते मोठ्याने लावलं, तिथेच, त्यांच्या सुनेच्या स्वयंपाकघरात.

एक सांगायचं राहिलं आहे, ते सांगते आणि थांबते. मला ते ड्रमवाल्याचं एकट्याचं लांबलचक वाजवणं कधीच आवडलं नाही. एकाही अल्बममधलं नाही. ते सुरू झालं की मी उठायचे आणि चहा टाकायला जायचे, आणि तू शेजारणींना कौतुकाने सांगायचीस की माझ्या पोरीला न सांगता कळतं, आईला चहा कधी हवा ते. मी कधी खोडून काढलं नाही. हे पोस्टात पडणार नाही हे एका अर्थी बरंच आहे. तुला कळलं असतं तर तू मला समोर बसवून, माझा हात स्पीकरवर दाबून धरून, ते सगळे ड्रम पहिल्यापासून पुन्हा ऐकवले असतेस.